होकार, नकार आणि संहितेची अपूर्णता

लेखन चालू असताना नाटककाराने प्रेक्षकांचे म्हणणे कितपत ऐकावे, हा प्रश्न बहुधा लेखकाच्या स्वातंत्र्याच्या संदर्भात चर्चिला जातो. नाट्यवाचनानंतर सुचवलेल्या दुरुस्त्या स्वीकाराव्यात किंवा नाकाराव्यात, असे दोनच पर्याय त्यात गृहीत असतात. बर्टोल्ट ब्रेख्तच्या ‘डेर यासागर’ (हो म्हणणारा) ह्या शालेय संगीतिकेचा संहितेतिहास तिसरी शक्यता पुढे आणतो.

कुर्ट वाइलचे संगीत असलेली ही संगीतिका जून १९३० मध्ये बर्लिन येथे सादर झाली. तिचे मूळ ‘तानिको’ ह्या जपानी नो नाटकात आहे. आर्थर वेलीच्या १९२१ मधील इंग्रजी भाषांतरावरून एलिझाबेथ हाउप्टमानने त्याचे जर्मन भाषांतर केले व ते ब्रेख्तने आधाराला घेतले. आजारी आईसाठी औषध आणावे म्हणून एक मुलगा शिक्षकांसोबत डोंगरापलीकडे निघतो आणि वाटेत स्वतःच आजारी पडतो. अशा प्रवाशाला मागे टाकावे, मात्र आधी त्याची संमती विचारावी आणि त्याने ती द्यावी, अशी रूढी आहे. मुलगा संमती देतो आणि दरीत लोटला जातो.

‘डी वेल्टब्युने’ ह्या नियतकालिकात फ्रांक वार्शाउअरने ह्या आज्ञाधारकतेवर कठोर टीका केली. समीक्षकापुढे कृती पूर्ण झालेली होती. तिच्याविषयी निवाडा देणे एवढेच त्याला शक्य होते. ब्रेख्तने मात्र नॉयकोल्नमधील कार्ल मार्क्स शाळेच्या विद्यार्थ्यांपुढे संहिता चर्चेसाठी ठेवली आणि ती पुन्हा अपूर्ण करून घेतली. विद्यार्थ्यांच्या आक्षेपांना दोन दिशा होत्या. मुलाच्या मृत्यूला पुरेसे कारण दिसत नाही, ही एक. आणि मुळात ती रूढी पाळायचीच कशासाठी, ही दुसरी.

ह्या आक्षेपांचे मूळ भाषांतराच्या प्रवासात शोधता येते. ‘तानिको’तील यात्रा धार्मिक आहे आणि शेवटी दैवी शक्ती मुलाला पुन्हा जिवंत करते. वेलीच्या भाषांतरात हा शेवट नाही. ब्रेख्तने धार्मिक चौकटही काढून टाकली. श्रद्धा गेली, तिच्यावर उभी असलेली रूढी तेवढी उरली. नो परंपरेशी परिचय असण्याचे काहीच कारण नसलेल्या मुलांनी नेमके ह्याच रिकाम्या जागेवर बोट ठेवले.

पहिल्या आक्षेपाला उत्तर म्हणून ब्रेख्तने ‘डेर यासागर’चा दुसरा पाठ सिद्ध केला. त्यात नगरात साथ पसरली आहे, औषध अनेकांसाठी हवे आहे, आणि सोबती मुलाला अरुंद कड्यावरून नेण्याचा प्रयत्नही करून पाहतात. दुसऱ्या आक्षेपातून ‘डेर नाइनसागर’ (नाही म्हणणारा) हे स्वतंत्र नाटक जन्मले. त्यातला मुलगा रूढी नाकारतो, प्रत्येक नव्या प्रसंगी नव्याने विचार करण्याची रूढी सुरू करावी असे म्हणतो, आणि सोबती त्याला घेऊन परततात. दोन्ही नाटके शक्यतो एकत्रच सादर करावीत, अशी ब्रेख्तची सूचना आहे. विद्यार्थ्यांच्या चर्चेतील नोंदीही त्याने संहितांसोबत छापल्या.

ह्या पुनर्लेखनात काही हरवलेही आहे. दुसऱ्या पाठातील मृत्यू सकारण, म्हणून सुसह्य होतो; पहिल्या पाठातील ज्या निष्कारण क्रौर्याने विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला भाग पाडले, ते तेथे बोथट होते. ब्रेख्त एवढ्यावरच थांबला असता, तर शंकेचे समाधान करणारा नाटककार स्वतःच ‘हो म्हणणारा’ ठरला असता. ‘डेर नाइनसागर’मध्ये मात्र प्रेक्षकाचा आक्षेप पात्राची कृती होतो. वर्गात विद्यार्थ्यांनी जे केले, तेच रंगमंचावर मुलगा करतो.

मराठीत ब्रेख्त मुख्यत्वे ‘अजब न्याय वर्तुळाचा’, ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) अशा रूपांतरांतून परिचित आहे. आपल्या नाट्यवाचनांच्या संदर्भात हा लहानसा, शाळेतला ब्रेख्तही तितकाच महत्त्वाचा वाटतो. कोणता आक्षेप दुरुस्तीने भागतो आणि कोणता स्वतंत्र रूपाची मागणी करतो, हा विवेक त्याने स्वतःकडे ठेवला. प्रेक्षकांचे ऐकणाऱ्या नाटककाराचे स्वातंत्र्य शिल्लक राहते ते ह्या विवेकात.