भिडू

‘भिडू’ हा शब्द आपण आधी नुसता उच्चारून पाहावा. मिटलेल्या ओठांतून ‘भ’चा भरदार श्वास सुटतो, जीभ ऱ्हस्व इकारावर टेकते न टेकते तोच टाळूकडे वळते आणि मग दीर्घ ऊकारावर ऐसपैस रेंगाळते, दूरवरच्या गड्याला हाक घालण्यासाठीच जणू तो ऊकार राखून ठेवला आहे.

झाडणे आणि झाडू यांच्यासारखं ‘भिडणे’शी त्याचं नातं लावलं, की त्याचं अंतरंग खुलू लागतं. आपल्या भाषेत घराला घर भिडतं, सूर काळजाला भिडतो आणि मल्ल मल्लालाही भिडतो. जवळीक आणि झुंज या एकाच क्रियापदात नांदतात, आणि भिडूच्या वाट्याला दोन्ही येतात: आपल्या खांद्याला खांदा भिडवून जो समोरच्याला भिडतो, तो भिडू! लगोरीसाठी अंगणात भिडू वाटून घेतले जातात, तेव्हा कालचा प्रतिस्पर्धी आज आपला होतो आणि उद्या पुन्हा पलीकडे जातो, तरी कुणाचं मन दुखत नाही.

मला मात्र या शब्दाचं सर्वांत लोभस रूप पत्त्यांच्या मेंढीकोटात दिसतं. भिडू शेजारी नसतो, बरोबर समोर बसतो. बोलायची मुभा नसते, हातातली पानं दाखवायची तर नसतेच. तरीही हात आपला होतोय हे ओळखून तो जपून ठेवलेला दस्सा अलगद त्यावर टाकतो, तेव्हा त्या अबोल विश्वासाला दुसरं नाव सुचत नाही.

मुंबईच्या बोलीत हा खेळगडी रस्त्यावर उतरला. ‘भाई’त वय डोकावतं, ‘बॉस’मध्ये पायरी, ‘यार’मध्ये जुनी ओळख, ‘क्या भिडू’ म्हणताना मात्र अनोळखी माणूसही विनाअट आपल्या बाजूचा होतो. वाळकेश्वरच्या तीन बत्तीला चाळीत वाढलेल्या जॅकी श्रॉफ यांनी, १९८३च्या ‘हिरो’ने नायक झाल्यावरही, ही हाक सोडली नाही. आपल्या नावाचा, आवाजाचा परवानगीविना वापर थांबावा म्हणून २०२४मध्ये ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा जपायच्या गोष्टींत त्यांनी ‘भिडू’ही मांडला होता.