भूमिका स्त्रीची, चरित्र कोणाचे?

चरित्र लिहिणे म्हणजे एका माणसाविषयी साक्ष देणे होय. साक्षीदाराने पाहिले असेल तेवढे सांगावे, ऐकलेले ऐकीव म्हणून सांगावे आणि जे कोणालाच ठाऊक नाही तेथे थांबावे. हा साधा नियम मराठी रंगभूमीवरील स्त्रीपार्टी नटांविषयीचे लेखन वाचताना सतत आठवतो. कारण तेथे तो सतत मोडला जातो.

नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व (१८८८-१९६७), हे यातले सर्वांत ठळक उदाहरण. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. ‘मानापमान’मधील भामिनी (१९११), ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी (१९१६), ‘एकच प्याला’मधील सिंधू (१९१९) या त्यांच्या भूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावले. त्यांच्याविषयी लिहिणारे बहुधा दोन वाटांनी जातात. भाविक लेखक म्हणतो, नारायणराव अंतर्बाह्य स्त्रीच झाले होते. सावध लेखक घाईघाईने सांगतो, वेष उतरला की ते पुरे पुरुष. लग्न झालेले, मुलेबाळे असलेले. पहिला भूमिकेवरून माणूस ठरवतो, दुसरा संसारावरून. संतचरित्रे वाचणाऱ्या आपल्या वाचकांना हा मोह परिचित आहे: आधी मूर्ती घडवायची, मग माणूस तिच्यात बसवायचा.

यात मराठी भाषा लेखकाची परीक्षाच घेते. तिच्यात क्रियापदालाही लिंग असते. ‘नारायणराव रंगमंचावर आले आणि रुक्मिणी लाजली’ हे वाक्य निर्दोष आहे. येणारा नट आहे, लाजणारी भूमिका आहे. ‘नारायणराव लाजल्या’ असे मात्र लिहिता येणार नाही, कारण ते स्वतःला तसे म्हणवत होते याचा आधार नाही. चांगला चरित्रकार एकाच परिच्छेदात दोन्ही रूपे वापरतो, पण कोणते रूप कोणाचे याचा गोंधळ होऊ देत नाही. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी गेली, तरीही त्यांनी भामिनी उभी केली, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. तिच्यात ‘आईचे काळीज’ शोधण्याचे कारण नाही. त्या रात्री साडीत उभा होता तो एक बाप होता. त्याच नारायणरावांनी १९३५ साली ‘धर्मात्मा’ या चित्रपटात संत एकनाथ साकारले, याचा उल्लेख भाविक चरित्रकार ओझरता करतो. मूर्तीत ते बसत नाही ना!

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. कोल्हापूरचे गणपत पाटील आठवा. ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) यांसारख्या तमाशापटांतून त्यांनी नाच्या अजरामर केला. ते घरसंसार असलेले गृहस्थ होते. पण प्रेक्षकांनी भूमिकाच त्यांची ओळख ठरवली आणि त्या संशयाची झळ त्यांच्या कुटुंबाला सोसावी लागली. २००८ साली त्यांचे निधन झाले. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीवरून रवी जाधव यांनी केलेला चित्रपट २०१० साली आला. त्यातील गुणा कागलकर हा पैलवानी देहाचा मजूर फडासाठी नाच्या होतो आणि गावाच्या नजरेतून उतरतो. पुढच्याच वर्षी त्याच दिग्दर्शकाचा ‘बालगंधर्व’ आला. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत: एका स्त्रीवेषाला आरती, दुसऱ्याला अवहेलना.

असे का व्हावे? उत्तर आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या रस्त्यांवरच आहे. मरीआईचा पोतराज दारी येतो. कमरेला खणांच्या चिंध्यांचा घागरा, केस वाढवलेले, हातात आसूड. तरीही गाव म्हणते, ‘पोतराज आला.’ क्रियापद चुकत नाही आणि त्याच्या पुरुषपणाविषयी कुजबुजही होत नाही. भारुडात साडी नेसणाऱ्या सोंगाविषयीही होत नाही. तेव्हा संशय वस्त्रातून जन्मत नाही; करमणूक करणाऱ्या गरिबाविषयीच्या आपल्या तुच्छतेतून तो जन्मतो. उलट यल्लम्माच्या जोगत्यांमध्ये काही जण स्वतःला खरोखर स्त्री मानतात. लुगडे तेच, पण आतला माणूस निराळा. वेषावरून निकाल देणारा दोघांवरही अन्याय करतो.

म्हणूनच सावध लेखकाचे ‘पुरे पुरुष होते हो’ हे आश्वासन मला तितकेच खटकते. त्यात वस्तुस्थितीपेक्षा बचाव अधिक आहे. जणू तसे नसते तर ती लाजिरवाणी गोष्ट ठरली असती! या एका वाक्याने तो आपल्या नायकाला वाचवतो आणि ज्यांची ओळख खरोखर निराळी आहे त्यांना ढकलून देतो. लग्न आणि अपत्ये ही चरित्रातील तथ्ये आहेत, ती अवश्य नोंदवावीत. अंतःकरणाची ती प्रमाणपत्रे नव्हेत.

जेथे व्यक्ती स्वतः बोलली आहे, तेथे मार्ग सरळ आहे. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ (२०१२) या आत्मकथनाच्या नावातच आपली ओळख सांगितली. त्यांच्याविषयी ‘त्या’ असेच लिहायला हवे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही आपली लिंगओळख ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला मान्य केला. लेखणीने न्यायालयापेक्षा मागे का राहावे?

नारायणरावांना मात्र आज कोणी विचारू शकत नाही. आजची नावे त्यांना चिकटवणे हे जितके अयोग्य, तितकेच त्यांच्या मनाची दारे आपणच बंद करून कुलूप लावणेही अयोग्य. वयाची पन्नाशी उलटल्यावरही ते स्त्रीभूमिका करीत राहिले, एवढे लिहावे. त्या साडीत त्यांना काय गवसत होते, ते मोकळे सोडावे. जो चरित्रकार तेथे थांबतो, त्याच्या उरलेल्या पानांवर वाचकाने निर्धास्त विश्वास ठेवावा.