गुन्हेगारीची आनुवंशिक उपपत्ती : एक परीक्षण

रत्नागिरी शहरात कारागृह आणि मनोरुग्णालय या दोन संस्था ब्रिटिश अमदानीपासून नांदत आहेत. एखाद्या आरोपीची रवानगी यांपैकी कोठे व्हावी, हा प्रश्न वरवर पाहता प्रशासकीय. वस्तुतः तो गुन्ह्याच्या कारणमीमांसेचा आहे. गुन्ह्याचे मूळ रक्तात वा मेंदूत शोधणारी उपपत्ती याचे उत्तर देऊ पाहते. तिची परीक्षा महाराष्ट्राच्या अनुभवावर करणे उद्बोधक ठरेल.

लोंब्रोसोचा ‘जन्मजात गुन्हेगार’ १८७६ च्या ग्रंथातून अवतरला. हिंदुस्थानातील गुन्हेगार जमातींचा कायदा मात्र १८७१ चा. म्हणजे येथे पूर्वग्रह आधी जन्मला आणि शास्त्राची वस्त्रे त्याला मागाहून मिळाली. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. जमातींवरचा शिक्का मात्र पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनात मुलांना चोरीचे रीतसर धडे, तेही मार देऊन, दिले जातात. जे रक्तातच आहे ते असे शिकवावे का लागावे, याचे उत्तर आनुवंशिकतावाद्यांपाशी नाही.

शिवाय गुन्हा ही निसर्गाची नव्हे, कायद्याची कोटी आहे. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १८९७ व १९०८ साली राजद्रोहाचे गुन्हेगार ठरले. त्यांच्या मेंदूत त्याचे कारण कोणी शोधणार नाही.

अलीकडचे संशोधन अर्थातच अधिक सावध आहे. १९९३ साली एका डच कुटुंबातील आक्रमक पुरुषांत एका जनुकाचा दोष आढळला. २००२ साली न्यूझीलंडमधील अभ्यासाने त्याला मुरड घातली : त्याच जनुकाचे मंद रूप मुख्यतः बालपणी छळ सोसलेल्यांच्या बाबतीत हिंसक वर्तनाशी निगडित दिसले.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाचे अपील आले. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेल्या या शिपायाच्या वडिलांनाही मनोविकार होता, आणि न्यायालयाने आनुवंशिकतेचा वाटा नमूद केला. परंतु तेवढ्यावर तो सुटला नाही. १९९२ पासूनचे उपचार, छिन्नमनस्कतेचे निदान आणि घटनेनंतर काही महिन्यांतच पंचवीस वेळा करावी लागलेली रुग्णालयाची वारी हा पुरावा त्याच्या जोडीला होता. येथे वारसा आला तो रोगाचा, गुन्ह्याचा नव्हे. आणि हा भेदच जमातींच्या कायद्याने पुसून टाकला होता.

मेंदूच्या विद्युत्‌लहरींची चाचणी निराळी. पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ साली तिचा आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली संमतीवाचून अशा चाचण्यांस मनाई केली. ती आरोपीला काय ठाऊक आहे हे सांगू पाहते, त्याने तसे का केले हे नव्हे. तिला कारणमीमांसेत ओढणे हा कोटिदोष होय.

दंडसंहितेचे कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२, मूळ विचारतच नाही. कृत्याच्या क्षणी त्याचे स्वरूप किंवा त्यातील अयोग्यता जाणण्यास आरोपी चित्तभ्रमामुळे असमर्थ होता काय, एवढेच ते विचारते. जनुकाचा अहवाल या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो. त्या क्षणाविषयी तो काहीच सांगत नाही.