आंबेडकरी स्मरणकला आणि ‘शहीद’ ही संज्ञा : रमाबाई नगरच्या संदर्भात

जातीय हिंसेतील बळींचे स्मरण आंबेडकरी समाजाने शिल्पाइतकेच गीतातूनही जपले आहे. नागपूरच्या इंदोऱ्यातील नामांतर शहीद स्मारक विदर्भातील अभ्यासकांस परिचित आहे. त्यातील ‘शहीद’ ही संज्ञा मात्र तपासून पाहण्याजोगी आहे.

११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या घाटकोपरमधील रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. त्यानंतर राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात १० जण ठार झाले. या घटनेने व्यथित झालेले शाहीर विलास घोगरे यांनी १५ जुलै रोजी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटाचा प्रारंभबिंदू हाच आहे.

पोलिसांनी ज्यांना दंगलखोर ठरविले, त्यांना ‘शहीद’ म्हणून समाजाने त्यांची प्रतिष्ठा परत मिळविली, हे निर्विवाद होय. परंतु हौतात्म्यात मरण स्वीकारल्याचा अर्थ अनुस्यूत असतो. येथे ते लादले गेले होते. गौरवाच्या भाषेत मारणारा दृष्टीआड होतो, ही या संज्ञेची मर्यादा आहे.

माहितीपटाचे सामर्थ्य नेमके येथे जाणवते. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, हा पोलिसांचा दावा तो तपासतो आणि घोगरे यांचे गाणेही जिवंत ठेवतो. त्यामुळे शोक आणि जाब विचारणे ही दोन्ही कार्ये एकत्र साधतात. २००९ मध्ये संबंधित अधिकाऱ्यास सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली, पुढे उच्च न्यायालयाने ती शिक्षा स्थगित केली. अशा स्थितीत केवळ गौरव करणारे स्मारक अपुरे ठरते, असे म्हणावे लागते.