स्मरणचित्रातले स्मरण

आता स्मरणचित्राकडे येऊ. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा इथल्या अनेकांनी दिल्या असतील. स्थिरचित्र, संकल्पचित्र वगैरे, आणि त्यात हा एक पेपर. विषय ओळखीचे: भाजीबाजार, बसथांबा, पाणवठा. हेतू फार चांगला. न्यायशास्त्रही हेच सांगते, की आधी अनुभव, मग त्याचा संस्कार, मग स्मृती.

पण होते काय? परीक्षेआधी तीन मनुष्याकृती घोकायच्या. आम्हीही घोकल्या होत्या! पाठमोरी बाई, छत्रीवाला, वाकलेला म्हातारा. बाजार आला तर बाईच्या हातात पिशवी, पाणवठा आला तर डोक्यावर हंडा. बाई तीच. डोंबिवलीतल्या मुलाच्या चित्रातही मागे दोन डोंगर आणि कौलारू घर. तो रोज पाहतो ती गॅलरी, लोखंडी जाळी, वाळत घातलेले कपडे, हेही चित्रात येऊ शकते असे त्याला कुणी सांगितलेलेच नाही. याला आम्ही स्मरण म्हणत नाही, पाठांतर म्हणतो.

दोष मुलांचा नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण आहेत, मग क्लासवाले खात्रीचाच रस्ता शिकवणार ना.

पेपर रद्द करा असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मुलाने काय पाहिले आहे हे विचारणारा हाच तर पेपर. फक्त विषय बदला. ‘बाजार’ नको, ‘आपल्या शाळेचे फाटक, सुटण्याच्या वेळी’ असा द्या. ती पाठमोरी बाई तिथे पालक म्हणून उभी राहीलही, पण फाटक तरी आठवावेच लागेल.