टाकाऊ तबकड्या आणि खोडदची दुर्बीण

रेडिओ-ज्योतिर्विद गोविंद स्वरूप ह्यांच्या २००६ सालच्या आत्मकथनपर लेखाच्या शीर्षकातच ऑस्ट्रेलियातील पॉट्स हिलपासून पुण्यापर्यंतचा प्रवास सुचविलेला आहे. पॉट्स हिल येथे निकामी ठरलेल्या बत्तीस तबकड्या भारतास भेट मिळाल्या आणि १९६५ साली कल्याण येथे सूर्याच्या वेधासाठी उभ्या राहिल्या. ह्यावरून, आंबेगावशेजारच्या जुन्नर तालुक्यातील खोडदची महादुर्बीण हे त्याच काटकसरीचे मोठे रूप होय, असा समज सहज होतो. तो तपासून घ्यावयास हवा.

कल्याणला जुने भाग पुन्हा वापरले गेले. खोडदच्या तबकड्या मात्र नव्याने घडविल्या. ४५ मीटर व्यासाच्या त्या तीस तबकड्यांत भरीव पत्र्याऐवजी दोरांवर ताणलेली बारीक तारांची जाळी योजिली आहे. लांब रेडिओतरंगांस विरळ जाळी पुरते. त्यामुळे वाऱ्याचा भार घटतो व धातूही कमी लागतो. पहिल्या काटकसरीत टाकलेली वस्तू वाचते. दुसरीत ती मुळात लागतच नाही. दुसरी अधिक मूलगामी खरी. परंतु टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नव्या गटास यंत्रउभारणीचा पहिला अनुभव कल्याणच्या जुन्या तबकड्यांनीच दिला. पुनर्वापराचे मोल केवळ वाचलेल्या पैशांत मोजणे म्हणूनच अपुरे ठरते.