खाऱ्या सरोवरातील सर्पिल

अमेरिकेच्या युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेक नावाचे विस्तीर्ण खारे सरोवर आहे. त्याच्या ईशान्य किनाऱ्यावरील रोझेल पॉइंट येथे रॉबर्ट स्मिथसन (१९३८–१९७३) या शिल्पकाराने एप्रिल १९७० मध्ये पाण्यात दगड-मातीचा एक बांध घातला. लांबी सुमारे १५०० फूट, रुंदी १५ फूट. किनाऱ्यावरून तो सरळ निघतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आत वळत जाऊन मध्यापाशी संपतो. त्यासाठी साडेसहा हजार टनांहून अधिक माल डंपरने वाहून टाकला गेला. दगड तेथलाच, काळा बेसॉल्ट. म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच पाषाण. या भूमिशिल्पाचे नाव ‘स्पायरल जेटी’. जेटी म्हणजे धक्का. पण या धक्क्याला होडी लागत नाही.

कलेवरील पुस्तकांत या शिल्पाची स्तुती भरपूर सापडते. बहुतेक वेळा ती एकाच वाटेने जाते: शंख, सूर्यफूल, वादळ, आकाशगंगा, सगळीकडे सर्पिल आहे आणि शिल्पकाराने निसर्गाचे हे गूढ पकडले आहे. विज्ञानाच्या शिक्षकाने येथेच थांबून प्रश्न विचारायला हवा. ही सर्व सर्पिले एक आहेत काय?

नाहीत. नॉटिलसच्या शंखात प्रत्येक वेढ्याची रुंदी आधीच्या वेढ्याच्या ठरावीक पट असते, कारण प्राणी वाढतो पण त्याचा आकार बदलत नाही. गुंडाळलेल्या सतरंजीच्या कडेला दिसते ते सर्पिल वेगळे. तेथे दोन वेढ्यांतील अंतर कायम सतरंजीच्या जाडीएवढेच राहते. याला आर्किमिडीजचे सर्पिल म्हणतात. सूर्यफुलातील वक्र तर कोणी आखलेलेच नसतात. एकेक फूल ठरावीक कोनाने सरकून उगवते आणि वक्र आपल्या डोळ्यांना दिसतात. आकार सारखा दिसला म्हणून कारण सारखे ठरत नाही.

मग स्मिथसनचे सर्पिल कसे झाले? त्याने पाण्यात खुंट्या रोवल्या, मधल्या खुंटीपासून दोरी ताणून वेढे आखले आणि डंपर तयार झालेल्या बांधावरूनच पुढे नेऊन टोकाशी माल ओतवला. पहिला आकार पसंत न पडल्याने त्याने कामगारांना पुन्हा बोलावून दगड हलवून घेतले. हा दोरी, खुंटी आणि डंपर यांनी घडवलेला वक्र आहे. त्यात काटेकोर गणित शोधू नये. शिल्पाची महती या साधेपणाने कमी होत नाही, उलट ते अधिक समजते.

स्मिथसनचा स्वतःचा दावा अधिक विचार करण्याजोगा होता. दगडांवर मिठाचे स्फटिक साचतात, आणि स्फटिकाच्या रचनेत या सर्पिलाचा प्रतिध्वनी आहे, असे तो म्हणे. यात तथ्याचा अंश आहे. एफ. सी. फ्रँक यांनी १९४९ मध्ये दाखवले, की स्फटिकातील मळसूत्री दोषाभोवती अणूंचे थर सर्पिल पायऱ्यांनी वाढू शकतात. पण ही एक सुंदर उपमा आहे, पुरावा नव्हे. विद्यार्थ्यांना दोहोंतील फरक सांगण्यासाठी इतके चांगले उदाहरण विरळाच.

माझ्या मते या शिल्पाचे खरे सामर्थ्य सर्पिलात नाही, पाण्यात आहे. या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. नद्यांचे पाणी येते आणि ते जाते फक्त बाष्पीभवनाने. तळ उथळ व सपाट असल्याने पातळी थोडी बदलली तरी किनारा फार दूर सरकतो. १९६३ मध्ये पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४१९१ फुटांवर होती. १९८७ पर्यंत ती जवळजवळ ४२१२ फुटांवर गेली. शिल्प बांधले तेव्हा पातळी कमी होती. दोनच वर्षांत ते बुडाले आणि पुढची सुमारे तीस वर्षे बहुतेक काळ पाण्याखाली राहिले. २००२ च्या सुमारास दुष्काळात ते वर आले तेव्हा काळे दगड मिठाने पांढरे झाले होते.

स्मिथसनला ज्या लाल पाण्याची भुरळ पडली, त्याचीही कथा अशीच. १९५९ मध्ये रेल्वेसाठी टाकलेल्या भरावाने सरोवराचे दोन भाग झाले. मोठ्या नद्या दक्षिण भागाला मिळतात. त्यामुळे उत्तर भाग अतिखारट झाला. तेथे मीठप्रिय आर्किया आणि ड्युनॅलिएला हे शैवाल यांचेच राज्य, आणि पाण्याचा रंग त्यांचाच. आपल्याकडे जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेलाही अशाच आर्किया आढळल्या. म्हणजे ज्या पार्श्वभूमीला ‘आदिम निसर्ग’ म्हणून गौरवले जाते, ती निम्मी माणसाचीच करणी आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सरोवराची पातळी सुमारे ४१८८.५ फूट, म्हणजे नोंदींतील सर्वांत कमी झाली. कारणे दोन: कोरडी वर्षे, आणि शेती व शहरांसाठी वरच्या वर वळवलेले पाणी. त्यामुळे आर्टेमिया ही बारीक कोळंबी आणि तिच्यावर जगणारे लाखो स्थलांतरित पक्षी धोक्यात आले. उघड्या तळावरून आर्सेनिकयुक्त धूळ उडू लागली. शिल्प मात्र कोरडे, पूर्ण उघडे, पायी फिरता येईल असे झाले. २०२४ मध्ये त्याचे नाव अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आले. दगड सुरक्षित झाले, पाण्याचे काय? शिल्प सर्वांत स्पष्ट दिसते तेव्हा सरोवर सर्वांत आजारी असते. पाहणाऱ्याला हे कळले नाही, तर त्याने केवळ दगडांची रांग पाहिली असे म्हणावे लागेल.

स्मिथसनने हे सारे योजले होते असे नाही. निसर्गातील झीज आणि बदल यांचे त्याला आकर्षण होते. पण एखादे सरोवर आटणे ही झीज नव्हे, तो हिशेबातला तोटा आहे. तरीही न कळत त्याने पाण्याची पट्टीच रोवून ठेवली. म्हणून हे शिल्प मला महत्त्वाचे वाटते.

शाळेच्या मैदानावर हा प्रयोग जरूर करावा. १६ सेंटिमीटर त्रिज्येच्या खांबाला दोरी गुंडाळा, टोक ताणून धरा आणि ती सोडवीत चालत चुन्याने रेघ ओढा. प्रत्येक फेरीला रेघ खांबाच्या परिघाएवढी, म्हणजे सुमारे १ मीटर बाहेर सरकेल. पाच फेऱ्यांत रेघ किती लांब होईल, याचा विद्यार्थ्यांना आधी अंदाज करू द्या. सरासरी त्रिज्या अडीच मीटर धरली, तर उत्तर ७८ मीटरच्या आसपास येते. पहिल्या पावसानंतर ती रेघ पुन्हा पाहा, आणि पाणी कोठून कोठे गेले ते त्यांनाच शोधू द्या.